चौदा नंबरची नाली

उकंडराव मुकादमाच्या तोंडी लागू नये, असं अख्खं खैरखेडा म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षं नगरपालिकेच्या नाल्या उपसून माणसाची जीभ जशी व्हायची तशी त्याची झाली होती. नालीत जुनी गादी सापडली की तो गादीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. नारळाच्या शेंड्या निघाल्या की तडक देवळात जाऊन पुजाऱ्यालाच गाठी. पण पावसाचं पाणी कुठून येतं, कुठं वळतं आणि कुठं अडतं, हे गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवे साहेबसुद्धा नकाशा गुंडाळून ठेवत आणि त्याला बोलावणं धाडत. एकतीस मेला तो रिटायर व्हायचा होता. अकरा दिवस उरले होते, आणि तेवढे दिवस मुकाट काढा, अशी त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, त्याला ताकीद दिली होती.

त्या सकाळी तो मेहकर रोडच्या कडेनं लवणात उतरला आणि जागीच थबकला. हिरव्या लव्हाळ्यातून चुन्याच्या फक्कीच्या दोन पांढऱ्या रेषा, पुलापासून पार खालपर्यंत, सरळसोट गेल्या होत्या. लवण म्हणजे तळं नव्हे की नदी नव्हे. गावाच्या अंगची सखल, ओली जागा. ज्ञानदीप कॉलनीचं आणि वरच्या पाच गल्ल्यांचं पावसाचं पाणी नाल्यातून धावत इथं येई, लव्हाळ्यात पसरे, गाळ टाकून शांत होई आणि मग आपल्या सवडीनं खाली नदीला लागे. म्हणून तर खालच्या वस्तीत, जिथं उकंडरावचं घर होतं, पाणी कधी शिरलं नव्हतं. म्हणूनच काठच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असे. नळ बारा-बारा दिवसांनी येणाऱ्या गावात ती विहीर काय चीज आहे, हे तिथं रांगेत कळशी घेऊन उभ्या असलेल्या बाईलाच विचारावं.

त्याच्या टोळीतला धम्मरत्न, वीस वर्षांपासूनचा जोडीदार, फक्कीची रिकामी गोणी घडी घालत उभा होता. त्यानं नजर न मिळवता सांगितलं की काल साहेबांनी स्वतः उभं राहून रेष मारून घेतली. कॉलनीपासून नदीपर्यंत काँक्रीटची नाली होणार, लव्हाळा जेसीबीनं मुळासकट काढायचा, आणि अठ्ठावीस तारखेला हरकतींची सुनावणी उरकली की काम सुरू. उकंडरावच्या डोक्यात तिडीक गेली. 'तुह्या हातानं मारली का बे?' एवढंच त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता चपलेनं रेषेचा दोन हात तुकडा विस्कटून टाकला. आठशे फुटांतले दोन हात. त्यानं काय होणार होतं, डोंबल?

पालिकेत अभियंता उद्धव साहेब टेबलाशी बसले होते. वर्षभरापूर्वी बदलून आलेला हा माणूस कधी आवाज चढवत नसे, आणि उकंडरावला नेमका त्याचाच राग येई. त्यानं दारातूनच तोंड सोडलं. लवणात काँक्रीट घातलं तर पाणी थांबणार कुठं? एका तासात खालची वस्ती चिखलात जाईल, विहीर संक्रांतीलाच तळ दाखवेल, आणि ही अक्कल नेमकी कुणाची? साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की तिथं नैसर्गिक नाला किंवा पाणथळ जागा असती तर हात लावण्याआधी वेगळी पाहणी आणि वेगळी परवानगी लागली असती. पण कागदावर तसं काहीच नाही. त्यांनी नालेसफाईची यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"चौदा नंबर. पक्की नाली, आठशे फूट, दरवर्षी साफ. आम्ही जुन्या नालीची दुरुस्ती करतोय, बस. एकोणीस वर्षांच्या याद्या आहेत, मुकादम. प्रत्येकीवर सही तुमची आहे."

उकंडराव आला तसा दारातून मागं फिरला.

चौदा नंबर ही त्याचीच करामत होती. एकोणीस वर्षांपूर्वी पालिकेनं त्याच्या टोळीतली निम्मी माणसं कमी केली. बाजारगल्लीची नाली मात्र होती तेवढीच राहिली. दर पावसाळ्यात ती तुंबे आणि वीसेक घरं धान्याच्या गोण्यांसकट चिखलात बसत. तिला उपसायला चार दिवस लागत, वरून मिळत दोन. नालीच्या लांबीवर माणसं आणि दिवस मिळायचे, असा कायदा. तेव्हा उकंडरावनं तेरा नाल्यांच्या यादीखाली चौदावी लिहून टाकली, जी या पृथ्वीच्या पाठीवर नव्हती. जागा कुठली दाखवावी, तर लवणाची, कारण तिकडे पाय ओले करायला कुठला साहेब जातो? चौदा नंबरचे दिवस दरवर्षी बाजारगल्लीत वापरले गेले. पुढं मोबाइलवर फोटो पाठवायचा फतवा निघाला, तर बाजारगल्लीचाच दुसऱ्या टोकाकडून काढलेला फोटो चौदा नंबरचा म्हणून जाऊ लागला. गल्ली तुंबली नाही, लवणाला कुणाचं फावडं लागलं नाही, आणि गडी मनातल्या मनात आपली पाठ थोपटत राहिला. धाड गावापासून नांदुऱ्यापर्यंत आपल्याइतका हुशार मुकादम नाही, असं त्याला खरोखर वाटे. आता त्याच हुशारीनं लवणाचा गळा धरला होता.

खरं सांगितलं तर लवण वाचलं असतं. पण मग खोट्या याद्यांची चौकशी, अडकलेली पेन्शन, आणि तीस वर्षांचं नाव मातीत. उकंडरावला ते नको होतं. त्यानं दुसरी वाट धरली आणि दुपारच्या उन्हात ज्ञानदीप कॉलनी गाठली.

लवणाची तक्रार केली होती ती कॉलनीच्या समितीच्या अध्यक्ष स्नेहलताबाईंनी. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि अजूनही समोरच्याला बाकावर उभं करतील अशा आवाजाच्या. त्यांनी तक्रार मागं घेतली तर काम आपोआप रेंगाळेल, असा उकंडरावचा विचार. बाईंनी त्याला फाटकाच्या आत घेतलंच नाही. लवणातून डास येतात, साप येतात, श्रावणात खिडकी उघडता येत नाही असा वास येतो, आणि गेल्या दिवाळीत आपली नात छकुली डेंगीनं नऊ दिवस दवाखान्यात होती, असं त्यांनी एका दमात सुनावलं. त्यात खोटं काही नव्हतं. पोरीचं ऐकून दुसरा कुणी जरा नमला असता. उकंडराव नमला नाही. डेंगीचा मच्छर स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो, तो तुमच्या गच्चीवरच्या उघड्या ड्रममध्ये शोधा, असं तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं.

"अन् वास लवणाचा नाही, मॅडम. तुमच्या संडासाच्या टाकीचा पाइप पावसाच्या नालीत सोडेल हाये. तुमचा अन् दुसऱ्या सोळा घरायचा. थे घाण माह्या लवणात येते."

"तुमचं लवण?" स्नेहलताबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. "माझी नात नऊ दिवस सलाइनवर होती, आणि तुम्ही माझ्या दारात येऊन गवताची वकिली करता? आठ दिवसांनी तिथं एक काडी उरणार नाही. मी उभी राहून काढून घेईन. चला, निघा."

तोवर आजूबाजूची फाटकं उघडली होती. कुणी म्हणालं, हा पिऊन आलाय. कुणी मोबाइल काढून त्याला टिपत राहिलं. उकंडराव तीस वर्षांत दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, पण हे ओरडून सांगणाराच जास्त पिलेला दिसतो, तसा तो दिसला. दुसऱ्या दिवशी महिलेशी उर्मट वर्तन केल्याबद्दल त्याला पालिकेतून खुलासा मागणारं पत्र आलं.

पत्र घरी आल्यावर आशाबाईला सगळं सांगणं भाग पडलं. यादीचं तिला एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. ती अशी फुटली की शेजारचे दारात आले. तीस वर्षं या माणसाचे नालीत बरबटलेले कपडे आपण धुतले, त्या वासानं पाहुणे आपल्या घरी पाणी पीत नसत, आणि आता कुठं सुखाचा घास मिळायची वेळ आली तर हा त्यात माती कालवायला निघाला. लवणानं तुम्हाले काय देलं, असं तिनं तीनदा विचारलं.

"सांगाल सुनावनीले जाऊन खरं, तं याद राखजा," ती शेवटी म्हणाली. "भाकर टाकीन पुढं. पण शबुद नाही बोलनार तुमच्यासंगं."

पुढचे दिवस उकंडरावनं भीतीत काढले. सगळ्या गावाला शिव्या घालणारा हा माणूस कागदाला मात्र मनातून टरकून होता. सुनावणीला जायचंच नाही, असं त्यानं चारदा ठरवलं. पण रोज सकाळी पाय लवणाकडे वळत. पांढऱ्या रेषांच्या मध्ये एक टिटवी अंडी घालून बसली होती. त्याला पाहिलं की ती डोक्यावर घिरट्या घालून कलकलाट करी, आणि तो तिलाही शिव्या देई. जिथं जेसीबी येणार तिथंच मेलीला जागा सापडली. आपलं या चिखलावर प्रेम आहे, हे त्याला साठीला टेकल्यावर, फक्कीच्या दोन रेषांमध्ये उभं राहून कळलं, आणि त्याचा त्याला भयंकर संताप आला.

अठ्ठावीस तारखेला पालिकेचं सभागृह कॉलनीच्या माणसांनी भरून गेलं होतं. हरकत घेणारे चौघं. उकंडराव, धम्मरत्न आणि विहिरीवरच्या रांगेतल्या दोन बाया. स्नेहलताबाईंनी समितीचं म्हणणं वाचून दाखवलं. स्वच्छ आवाज, मुद्देसूद, टाळ्या पडाव्या असं. टाळ्या पडल्याही. मग बाया बोलल्या, त्यांचं कुणी ऐकलं नाही. धम्मरत्ननं खालच्या वस्तीचं सांगितलं, तर मागून कुणी तरी खोकलं. मुख्याधिकारी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. जुन्या नालीच्या दुरुस्तीला हरकत घेण्यासारखं आपल्याला काही दिसत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

उकंडराव उभा राहिला.

"साहेब, चौदा नंबरची नाली नाही. कधीच नव्हती. यादीत थे म्या खोटी लिहेल हाये."

मग तो बोलत गेला, अडखळत, आगापिछा न ठेवता. माणसं कशी कमी झाली, दिवस कसे वळवले, फोटो कुठले पाठवले. बाजारगल्लीचं नाव आलं तसे लोक हसायला लागले. चोर म्हणून कुणी ओरडलं. उद्धव साहेबांचा चेहरा पडला होता, कारण त्यांचा अख्खा आराखडा त्या एका ओळीवर उभा होता. स्नेहलताबाई उठल्या तेव्हा हशा आपोआप थांबला.

"एकोणीस वर्षं सही करून खोटं बोलले, हे यांनी स्वतःच सांगितलं," त्या म्हणाल्या. "मग आज तोंडी सांगतात ते खरं कशावरून? साहेब, या माणसाचं नेमकं कुठलं बोलणं धरायचं?"

प्रश्न बिनतोड होता. मुख्याधिकाऱ्यांनीही मान हलवली. उकंडराव त्यांच्याकडे न बघता बाईंकडे वळला.

"ज्या सहीनं माहा फायदा झाला थे खोटी, मॅडम. आज जे सांगून राह्यलो, त्याच्यात माहं वाटोळं हाये. थे खरं समजा."

बाई खाली बसल्या. मुख्याधिकाऱ्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला आणि हे लिहून दिलं तर चौकशी लागेल, पेन्शन किती काळ अडकेल सांगता येणार नाही, हे बजावलं. उकंडरावनं लिहून दिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की कारकुनाला ते दोनदा वाचावं लागलं.

त्याच दुपारी साहेब लोक लवणात उतरले. आठशे फुटांत एक वीट सापडली नाही. सापडला तो लव्हाळा, पाणी आणि टिटवीचा आरडाओरडा. उद्धव साहेबांचा एक बूट चिखलात राहिला, तो धम्मरत्ननं काढून दिला. वर कॉलनीच्या पावसाच्या नालीत, भर मे महिन्यात, सतरा पाइपांतून घाण ठिबकत होती, आणि ती पाहून नाकाला रुमाल लावायला कॉलनीचीच माणसं पुढं होती. काम थांबलं. यादीतून चौदा नंबर खोडला गेला, लवणाची पाणथळ म्हणून पाहणी करायचं ठरलं, सतरा घरांना पाइप बंद करायच्या नोटिसा निघाल्या. अठरावी नोटीस उकंडरावला मिळाली.

एकतीस मेला त्याला शाल-नारळ मिळालं नाही. पालिकेतल्या माणसांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कॉलनीतली त्याला पाहून थुंकत. आणि आशाबाईनं शब्द पाळला. भाकरी पुढ्यात येई, पाण्याचा तांब्या येई, पण तिच्या तोंडून अक्षर निघत नसे. भांडणारी बायको परवडली, ही नाही, असं तो धम्मरत्नला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

पाऊस आला. लवण काठोकाठ भरलं, खालच्या वस्तीत टिपूस शिरलं नाही, आणि त्याचं श्रेय कुणीही कुणाला दिलं नाही. कॉलनीत मात्र पाइप बंद झाल्यामुळं संडासाच्या टाक्या अंगणात वाहायला लागल्या आणि घरोघर शोषखड्डे खणायची घाई झाली. पेन्शन अडकलेली, घरात दळणाचे वांधे. साठीतला उकंडराव कुदळ घेऊन मजुरीला जाऊ लागला. ज्यांनी चोर म्हटलं त्यांच्याच अंगणात. आठ-दहा खड्डे झाल्यावर ऑगस्टच्या अखेरीस स्नेहलताबाईंचा निरोप आला. त्यानं आधी साफ नाही म्हटलं. दोन दिवसांनी गेला.

बाईंनी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. आठ फूट खोल, एक बोट कमी नको, खोल खड्डा लवकर भरत नाही असं गवंडी सांगून गेलाय, एवढं बोलून त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. उकंडरावनं तीन दिवस खणलं. सहा फुटांवर मुरूम ओला लागला. त्यानं चिमूटभर हातात घेऊन दाबला आणि कुदळ टेकवली.

वर वाकून बाईंनी कारण विचारलं. त्यानं सांगितलं की याच्या खाली पाणी आहे, इथून लवणात आणि पुढं विहिरीला जातं तेच. दोन फूट अजून खणलं तर संडासाचं पाणी सरळ विहिरीत उतरेल. खड्डा लांबीला वाढवतो, खोल करत नाही.

"पुन्हा तुमचं लवण," बाई म्हणाल्या. "मी आठ फूट सांगितलंय. जमत नसेल तर वर या. उद्या दुसरा माणूस खणेल."

"मंग मी वर येतच नाही," उकंडराव म्हणाला, आणि खड्ड्यात फतकल मारून बसला.

बाईंनी शेजाऱ्यांना हाक मारली. शेजारी जमले, वाकून पाहू लागले, कुणी हसलं, कुणी पोलिसांना बोलवा म्हणालं. म्हातारा खाली चिखलात बसून राहिला. भर दुपारी आशाबाई डबा घेऊन आली. रोज ती डबा फाटकाशी ठेवून, न बोलता, परत जाई. आज अंगणात गर्दी पाहून आत आली. तुमच्या नवऱ्याला समजवा, अशी बाईंनी तिच्यापुढं तक्रार केली आणि सगळा प्रकार सांगितला. आशाबाई खड्ड्याच्या काठाशी वाकली.

"काऊन बसले?" तिनं विचारलं. तीन महिन्यांतला तिचा पहिला शब्द.

"खाली विहिरीचं पानी हाये," तो म्हणाला.

आशाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. चिखलात माखलेलं धोतर, हाताला आलेले फोड, सगळं. मग ती स्नेहलताबाईंकडे वळली.

"थे नाही म्हनतात तं नाहीच, मॅडम. खोटं बोलाचं असतं त्यायले, तं आज घरी पेन्शन खात बसले असते."

तिनं डबा खाली त्याच्या हातात दिला आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिली.